विशाखाच्या परतण्याचा ठराव

हे कुणाला खरं वाटणार नाही. मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून तोंडं वाकडी करायची तुमची मेहनत वाचेल. मलासुद्धा ही गोष्ट अधूनमधून खोटी वाटते, आणि मी तर तिथं हजर होतो.

मी केरबा. मुखेड डेपोत कंडक्टर म्हणून जन्म काढला. आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी बाजारच्या दिवशी स्थानकावर येतो आणि लातूरची गाडी लागली की कोण कोण उतरतंय ते बघत बसतो. उतरणाऱ्यांत माझं कुणी नसतं. सवय म्हणायची, झालं.

त्या दिवशी आमच्या गावाकडची गाडी चुकली नव्हती, ती आलीच नव्हती. बाकावर आम्ही तिघं. एक मी. दुसरा शिरूर अनंतपाळकडचा श्रीमंत. लेकीकडं मुक्कामाला आला की तो मला चिडवायला म्हणून स्थानकावर येतो. तिसरी आमच्या गावची केवळाबाई, माझ्याहून वयानं मोठी. मी तिला आक्का म्हणतो. बाजाराची पिशवी पायाशी, मांडीवर मेथीची जुडी, आणि गाडी येईपर्यंत निवडून होईल या हिशेबानं हात चालू. समोर वैजनाथचा चहाचा गाडा. वैजनाथ मुखेडचाच. म्हणजे आमच्या गावचं माझ्याशिवाय तिथं दुसरं कुणी असेल तर ती केवळाबाई.

श्रीमंतानं चहा फुंकत सुरुवात केली. भोकरहून नांदेडला बिनड्रायव्हरची गाडी नेल्याची माझी गोष्ट त्याला तोंडपाठ झाली होती म्हणे, आज नवं काय ते सांग. मी त्याची चूक दुरुस्त केली. ड्रायव्हर होता. झोपलेला होता. गाडीला रस्ता माहीत होता.

"आज नातीची सांगतो," मी म्हणालो. "पण मधी बोलायचं न्हाई."

"तू मधी श्वास घेतलास तर बोलंन," श्रीमंत म्हणाला.

तर माझी नात विशाखा. माझा पोरगा आनंदराज नांदेडला पाटबंधारे खात्यात कारकून आहे, त्याची ती थोरली. दहावीला मार्क चांगले पडले आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे लेकरू लातूरला आणि लेकराचा डबा एसटीत. ज्यांनी मराठवाड्यात पोरं शिकवलीत त्यांना हे सांगायला नको. सकाळच्या गाडीत इंजिनाशेजारी डब्यांची उतरंड लागते. प्रत्येकावर ऑइलपेंटनं नाव. लातूरच्या स्थानकात पोरं उभीच असतात. तिच्या आईबापाचं घर नांदेडला असलं तरी डबा आमच्या घरून जायचा, कारण त्या गाडीवरचे सगळे कंडक्टर माझ्या हाताखाली शिकलेले. विशाखाचा डबा कधी आडवा झाला नाही. एकदा गाडी आडवी झाली, पण डबा उभा होता.

"झाली सुरुवात," श्रीमंत केवळाबाईला म्हणाला. केवळाबाई मेथी निवडत राहिली.

संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत यायचा. आमच्यासाठी तेच वर्तमानपत्र. घासूनपुसून आला तर पोरगी खुशीत. खरकटा आला तर पेपर अवघड गेलाय. आणि आत अर्धी भाकरी तशीच राहिलेली दिसली, तर सुमनबाई, म्हणजे आमच्या घरच्या, दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर स्वतःच गाडीत बसायच्या. फोन होता की घरात. पण फोनवर पोरं बरंच काही लपवतात. डबा लपवत नाही.

डॉक्टर व्हायला लातूरला गेलेली पोरगी उदगीरच्या कॉलेजात दुधाचं शास्त्र शिकली. आनंदराज नाराज झाला. मी झालो नाही. माणसं मरतात, दूध नासतं, दोन्हीकडं शिकलेलं माणूस लागतंच. तिथून पुढं शिकायला ती जर्मनीला गेली. नांदेडहून निघताना सुमनबाईंनी हौसेनं डबा बांधून दिला. विमानतळावर कुणीतरी उघडून बघितला, हुंगला, आणि जाऊ दिला. पण तो रिकामा डबा काही परत आला नाही. तिकडून डबा यायची सोयच नाही. सुमनबाई संध्याकाळच्या गाडीच्या वेळेला अजून दारात येऊन उभ्या राहतात आणि मग, कशाला आलो होतो बरं, असं तोंड करून आत जातात.

आता मूळ गोष्ट. तिच्या शिक्षणात असं कलम आहे की एखाद्या कारखान्यात सहा महिने काम शिकल्याशिवाय डिग्री हातात पडत नाही. इंटर्नशिप. जर्मन बोलणं कच्चं, म्हणून तिकडं जमेना. मग एका बेटावरच्या देशातल्या लोण्याच्या कारखान्यानं तिला बोलावलं. त्या देशाचं नाव मला येतं, पण घेणार नाही. त्यांनी आमचं नाव कुठं नीट घेतलं? एवढं सांगतो, तिथं माणसांपेक्षा गायी जास्त आहेत आणि गायींना कुणी व्हिसा विचारत नाही.

विशाखाला मात्र विचारला. पोरगी भारताची, राहणार जर्मनीत, काम तिसऱ्याच देशात. तो तिसरा म्हणतो, काम संपल्यावर तू जाणार कुठं? जर्मनीत म्हणावं तर तिथली मुदत संपत आलेली. भारतात म्हणावं तर तिथं तुझं असं काय आहे, दाखव. पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला. म्हणजे तिला पुढं जाता येईना आणि मागं येता येईना. त्याच दिवसांत सुमनबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सोडताना विशाखा समोर पाहिजे हा त्यांचा हट्ट. विशाखानं विनवण्या केल्या, चार दिवसांसाठी पासपोर्ट द्या म्हणून. अर्ज मागं घेतलास तर मिळेल, असं उत्तर आलं. अर्ज मागं घेतला की कारखाना गेला, कारखाना गेला की डिग्री गेली. ती आली नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी पट्टी सोडली. समोर मी होतो. सुमनबाईंनी मला नीट निरखलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "परत बांधा."

वैजनाथ हसला. श्रीमंतसुद्धा हसला. मीही हसलो. सांगताना नेहमीच हसतो.

थोड्या दिवसांनी त्या बेटावरच्या व्हिसाच्या साहेबाचं पत्र आलं. नकार. आनंदराजनं मला ते मराठीत करून सांगितलं. काम संपल्यावर आपण परत जाल याची आमची खात्री पटलेली नाही. बस, एवढंच. आनंदराज त्या साहेबाला नाही नाही ते बोलला. सुगत, विशाखाचा धाकटा भाऊ, त्यानं इंग्रजीतून शिव्या दिल्या, त्या मला समजल्या नाहीत, पण चांगल्या असाव्यात. मला मात्र साहेबाचा राग येईना. खरं सांगतो, मला तो माणूस घरातलाच वाटला. पोरगी गेल्यापासून जी गोष्ट मी कुणाजवळ बोललो नव्हतो, ती त्यानं शिक्का मारून लिहून पाठवली होती. मुखेडहून पुण्याला गेलेली किती पोरं परत आली ते मला माहीत आहे. त्यांची तिकिटं मीच फाडलीत. परतीचं तिकीट फार थोड्यांना दिलंय.

"तुझी कुठं परतीची गाडी वेळेवर असती," श्रीमंत म्हणाला.

कारखान्यानं तिची जागा थोडी लांबवून धरली. दुसऱ्यांदा अर्ज करता येत होता. मात्र या खेपेला दाखवायला हवं होतं की पोरगी घराशी बांधलेली आहे. आनंदराजनं सातबारा काढला. एवढासा तुकडा, त्यात तीन वाटण्या आणि एक विहीर, तीही कोरडी. त्याच्या ऑफिसातल्या कुणी अक्कल दिली, पोरीची सोयरीक जमवलीय असं दाखवा, साखरपुड्याचे फोटो जोडा, नवरदेव इथं आहे म्हटल्यावर साहेबाला खात्री पटते. विशाखानं फोनवर सांगितलं, लोणी काढायला शिकण्यासाठी मी खोटा नवरा करणार नाही. मला बरं वाटलं. नवरा खोटा असला, तरी जेवायला खराच येणार.

मग मला सुचलं. पोरगी परत येईल याची खात्री कोण देऊ शकतं? बाप देईल, तर तो बापच. बँक देईल, तर तिला पोरीची ओळख नाही. ओळख आहे ती गावाला. आणि गावाला खात्री द्यायची असली तर त्याचा रस्ता सरकारनं आखून दिलेला आहे. ग्रामसभेचा ठराव.

हसू नका. तुम्ही ग्रामसभेला कधी गेला नाहीत म्हणून हसता. सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात झेंडा फडकला, लेकरांना बुंदी वाटली, आणि आमचे सरपंच नरसिंग खुर्चीवर बसले. आधी नालीचा विषय. नालीवर नेहमीप्रमाणे भांडण झालं. मग स्मशानाच्या रस्त्याचा विषय. ग्रामसेवक नेहमीप्रमाणे पुढचं आधीच लिहून बसला होता, 'सर्वानुमते मंजूर', नुसता विषय भरायचा बाकी. आणि शेवटी आला ऐनवेळचा विषय, अध्यक्षांच्या परवानगीनं. मी उठलो. सगळं सांगितलं. ठराव असा की, मौजे आमच्या गावची कुमारी विशाखा आनंदराज ही परदेशात काम शिकून परत येईल, याची ही ग्रामसभा खात्री देते.

गावानं आधी मान डोलावली आणि मग गाव खरोखर विचार करायला लागलं. हे काही आमच्याकडं रोज होत नाही. एकानं विचारलं, परत येईल म्हणजे कुठं, नांदेडला का गावात? दुसरा म्हणाला, नांदेडला आली तरी आलीच धरू. तिसरा म्हणाला, पुण्याला आली तर? यावर बरीच तकरार झाली. शेवटी भारत देश एवढ्यावर मिटलं. मग नरसिंग म्हणाले, हात वर करा.

गावात एवढे हात एकदम वर झालेले मी कधी पाहिले नव्हते. पोरगी शाळेत असताना पहिली आली म्हणून ज्यांच्या दारात पेढे वाटले होते त्यांचे वर, ज्यांच्या दारात वाटायचे राहिले होते त्यांचेही वर. माझा हात तर सगळ्यांत उंच. एवढा उंच की शर्टाची काखेतली शिवण उसवली.

"आन झेंडा खाली आला का?" श्रीमंत.

झेंडा जागेवर होता. एकच हात खाली होता. आमच्या आक्काचा.

मी केवळाबाईकडं बोट केलं. तिनं मेथीची एक काडी उचलून उजेडात धरली, कीड आहे का पाहिली, आणि खाली ठेवली. वैजनाथनं विचारलं, "खरं का आजी?" ती म्हणाली, "हा सांगून राहिला की."

तर आक्काचा हात मांडीवर. नरसिंगना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी पुन्हा विचारलं. तिला ऐकू गेलं होतं. तुम्हाला सांगतो, अशा वेळी हात वर करायला काय लागतं? काही नाही लागत. खांद्यातून उचलायचा. आजूबाजूला सगळे बघतायत, पोरीचं भलं होतंय, नुसता एक हात. पण कधी कधी हात असा जड होतो की तो आपला नाहीच. तशी ती बसली होती. मग उठली आणि बोलली. काय बोलली ते मी शब्दानं शब्द सांगतो.

"ठराव करायचा तर करा. माझा हात वर व्हनार न्हाई. ती येईल का न्हाई मला ठावं न्हाई. तुमाला बी ठावं न्हाई. आज गावानं लिहून दिलं की येईल, आन उद्या तिला तिकडंच ऱ्हावं वाटलं, तर ती सगळ्या गावाची खोटी ठरंल. मंग तिला यावं वाटलं तरी तोंड दाखवायला येनार न्हाई. पोरीला असं बांधू नका. आपन दार लावनार न्हाई, येवढं लिवा. तेवढंच आपल्या हातात हाय."

आक्काचे दोन पोरगे पुण्याला. येतात कधी तरी, लग्नाकार्याला. म्हणून तिला ते सुचलं असणार. ग्रामसेवकानं 'सर्वानुमते' आधीच लिहिलेलं, तो म्हणाला, एका माणसासाठी आता खाडाखोड कशाला? पण ती हटली नाही. म्हणाली, नाली खोटी लिवता, रस्ता खोटा लिवता, हे तरी खरं लिवा. शेवटी त्यानं 'सर्वानुमते' खोडून 'बहुमताने' केलं आणि खाली लिहिलं, एका ज्येष्ठ ग्रामस्थाने असहमती दर्शवून सांगितले की, तिच्या येण्याची खात्री देता येत नाही, परंतु गावाचे दार तिच्यासाठी उघडे राहील.

नांदेडला नेऊन त्याचं इंग्रजी करून घेतलं. करणाऱ्यानं विरोधासकट केलं, कारण पानामागं दर ठरलेला. आनंदराज ते वाचून माझ्यावर तापला. आपणच लिहून देतोय की खात्री नाही? साहेबाला आयतंच कोलीत! ते पान काढून टाकू म्हणाला. विशाखानं फोनवर ते ऐकलं. मग म्हणाली, पप्पा, आहे तसंच पाठवा.

आता पुढचं तुम्हाला खरं वाटणार नाही.

"मागचं वाटलं का?" श्रीमंतानं विचारलं.

ठरावाच्या कागदावर सरपंचांचा मोबाइल नंबर छापलेला असतो. एके दिवशी, म्हशी दोहायच्या वेळेला, त्यावर त्या देशातून फोन आला. खुद्द साहेबाचा. नरसिंगना घाम फुटला. त्यांनी शाळेतल्या गुरुजींना बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोन पंचायतीच्या माइकसमोर धरला. तोच भोंगा, ज्यावर उद्या पाणी येणार नाही हे सांगतात. साहेबाचा आवाज सगळ्या गावावर गेला. आमच्या देवळामागचा पिंपळ आहे, त्यावरची वटवाघळं दिवसाउजेडी उडाली. साहेब म्हणाला... गुरुजी मराठीत करून सांगत होते बरं का, मला इंग्रजी येतं असा माझा दावा नाही. म्हणाला, माझ्या टेबलावर रोज गठ्ठा येतो. प्रत्येक कागदात लिहिलेलं असतं की पोरगं येणार, नक्की येणार, शंभर टक्के येणार. खात्री नाही असं लिहून देणारं गाव मी पहिल्यांदाच पाहिलं. ज्यांचा हात खाली होता त्यांना फोन द्या.

आक्काला घरून आणलं. हाताला शेण तसंच. साहेबानं विचारलं, बाई, तुम्ही विरोध का केलात? आक्कानं सगळं परत सांगितलं, दाराचं आणि बांधण्याचं. भोंग्यातून सगळ्या शिवारात ऐकू गेलं. सोयाबीनच्या पिकात काम करणाऱ्या बायका खुरपं थांबवून उभ्या राहिल्या.

"जानेवारी-फेब्रुवारीत सोयाबीन?" श्रीमंतानं विचारलं.

हरभरा. हरभऱ्यातल्या बायका. मग साहेब म्हणाला, मी पण या देशाचा नाही. माझं गाव लांब आहे. निघताना आईनं शपथ घातली होती, वर्षाच्या आत परत ये. त्या वर्षी जमलं नाही. मग शपथ मोडली म्हणून दुसऱ्या वर्षी तोंड दाखवायची लाज वाटली. मग तिसऱ्या. मला कुणी मोकळं सोडलं असतं तर मी केव्हाच जाऊन आलो असतो.

वैजनाथनं विस्तवावरचं भांडं खाली उतरवून ठेवलं होतं आणि ते परत वर ठेवायचं विसरला होता. "आजी, खरंच तुमी साहेबाशी बोलल्या?" त्यानं विचारलं.

"हाव," केवळाबाई म्हणाली. "विंग्रजीत बोलले." आणि निवडलेली पानं पदरात घेतली. श्रीमंत एवढा हसला की त्याचा चहा सांडला.

हसा. पण व्हिसा आला ना? आता हे तर खोटं नाही. आनंदराजला विचारा, नांदेडला फोन लावा. उन्हाळ्याच्या तोंडाला पोरगी बेटावर पोचली. कारखान्यात लोणी काढते. तिथलं लोणी ढिगानं, पण त्याला वास नाही म्हणते. सुमनबाई भाकरी थापायला बसल्या की ती फोन लावते आणि सांगते, बोलू नको आजी, फोन तिथंच परातीजवळ ठेव. नुसतं थापण्याचा आवाज ऐकत बसते. आम्ही कुणी बोलत नाही. सुमनबाई हल्ली दोन भाकरी जास्त थापतात. खायला आम्ही दोघंच. राहिलेल्या कुत्र्याला जातात. कुत्रं एवढं माजलंय की आता ते आम्हाला घरात घेईना.

तिची मुदत आता संपत आली. कारखान्यानं तिला विचारलंय, राहतेस का, आम्ही कागद करून देतो. तेच लोक, बरं का, ज्यांच्या देशाला आधी भीती होती की ही जाणार नाही. आनंदराज म्हणतो, राहा. सुमनबाई काही म्हणत नाहीत, नुसत्या थापतात. मी विचारलेलं नाही. येतेस का असं मी तिला विचारायचं नाही, हे माझं पक्कं आहे. मी तिला गावात कोण मेलं, कोणाची म्हैस व्याली, एसटीचा संप होणार का, हेच सांगतो. फोन ठेवताना ती थोडी थांबते. मीही थांबतो. मग मी म्हणतो, ठेव, तिकडं पैसे लागत असतील. लागत नाहीत, मला माहीत आहे.

पण परवा तिनंच विषय काढला. म्हणाली, आजोबा, ठरावात एक जण विरोधात होता ना, ज्येष्ठ ग्रामस्थ, तो कोण होता? इथं एकटी असले की मी ते पान काढून वाचते. बाकीच्या सगळ्यांनी माझी खात्री दिली, त्यांचं ओझं होतं. त्या एकाचं होत नाही. त्याच्यामुळं वाटतं की जावं.

मी म्हणालो, केवळाआजी.

ती म्हणाली, मग मी दसऱ्याला येते. आपल्या दीक्षेच्या दिवशी, अशोक विजयादशमीला घरी. पण आपल्या घरी नंतर, आधी केवळाआजीच्या दारात जाणार आणि तिच्या पाया पडणार. तिच्यासाठी लोकरीची शाल घेतलीय. तिला सांगू नका.

"सांगू नका म्हणली, आन हा भर स्टँडात सांगून राहिला," श्रीमंत म्हणाला. "पर आक्का, चांगली कमाई झाली तुमची. शाल आली."

मी हसलो. वैजनाथनं भांडं परत विस्तवावर ठेवलं. फलाटावर आमची गाडी येऊन उभी राहिली होती, लोक खिडकीतून पिशव्या टाकून जागा धरत होते. मी उठलो आणि केवळाबाईची पिशवी उचलायला वाकलो. तिनं पिशवीवर पाय ठेवला.

"बस खाली," ती म्हणाली.

मी बसलो.

"साहेबाचा फोन आला म्हनलास, गप बसले. भोंग्यावर बोलले म्हनलास, तवा बी हाव म्हनले. तुझ्या गोष्टीत काय बी खपतं. पर पोरगी एवढ्या लांबून येईल, सोताचं घर सोडून आधी माझ्या दारात उभी ऱ्हाईल, माझ्या पायाला हात लावंल, तवा मी काय करू? मी तर समद्यांच्या आधी हात वर केलता. माझी दोन गेली, ही एक तरी बांधून ठिवा म्हनून केलता." तिनं पदरातली मेथी पिशवीत ओतली आणि मग माझ्याकडं पाहिलं. "ते समदं बोललास तू. हात तुझा खाली होता, केरबा."